साहेबांची उडी

“हाक्के, सारिका. पुन्हा खाली!”

परिपाठाच्या रांगेतून सारिका बाहेर आली आणि कुणी न सांगता ध्वजस्तंभाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. ती जागा आता तिचीच झाली होती. आमच्या क्रीडा निकेतनाचे संचालक रणधीर खराडे यांनी हातातल्या कागदावरून नजर न काढता विचारलं, “सोमवारी सव्वीस, आज चोवीस. काय गं, मेसचं जेवण जातं कुठं? कोंबड्यांना घालतेस काय?”

पुढच्या रांगेतल्या लहान मुली हसल्या. साहेब बोलून थांबले की हसायचं, एवढं शिक्षण त्यांना निकेतनात पहिल्या आठवड्यातच मिळालेलं असे.

“साहेब,” मी म्हणालो, “तिला आज सरावातून सुट्टी द्यायला हवी. दामले मॅडम तसंच सांगून गेल्यात.”

“केंगार गुरुजी, मॅडम पुण्याला गेल्या. निकेतन मला चालवायचंय.” त्यांनी गळ्यातली शिट्टी ट्रॅकसूटवर सरळ केली. ती शिट्टी मी वाजलेली कधी ऐकली नव्हती. “मैदानाला जादा फेऱ्या मारा म्हणावं. उडी आपोआप वर येईल.”

सारिका पळायला लागली. बारा वर्षांची पोर, पायाच्या काड्या, पण खो-खोत तिच्या मागे लागलेल्या मुली अर्ध्या वाटेत हात टेकायच्या. ती मात्र सध्या टाचा ओढत पळत होती. जमिनीला पाय नुसते लागत होते, जमीन सोडत नव्हते.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो होतो आणि निकेतनातल्या मुलींना सकाळी खो-खो आणि संध्याकाळी गणित शिकवायला यायचो. विट्यापासून थोडं आत, माळावर ती संस्था होती. मुली तिथंच राहायच्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच विचारलं होतं. मुलांशिवाय घरात बसून मला जेवण गोड लागेना.

आणि त्या वर्षी निकेतनात चटई आली.

काळ्या रबराची, दाराएवढी चटई. तिला एक वायर, वायरीच्या टोकाला हातात मावेल अशी डबी. चटईवर उभं राहायचं, हात कमरेवर, किंचित वाकून सरळ वर उडी मारायची आणि तिथंच उतरायचं. किती उंच उडालात ते डबीवर उमटायचं, सेंटीमीटरमध्ये. संस्थेला ती कुणीतरी भेट दिली होती आणि ती समजावून द्यायला पुण्याहून दामले मॅडम आल्या होत्या. तरुण बाई, पण मुलींशी बोलताना गुडघ्यावर बसायच्या. मला तिथंच त्या पटल्या.

“पहिल्या आठवड्यात प्रत्येकीनं जीव लावून उडी मारायची,” त्या म्हणाल्या होत्या. “तो तिचा स्वतःचा आकडा. मग दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पुन्हा उडी. ती बरीच खाली आली, की समजायचं शरीर थकलंय, कालचा सराव अजून अंगातून गेला नाही. त्या दिवशी तिला हलकं काम द्यायचं किंवा झोपू द्यायचं. एवढंच. हा आकडा मुलीला रागवायला नाही, तिला झोपायला पाठवायला आहे.”

हे मी ऐकलं, मुलींनी ऐकलं, मेसच्या मावशींनीही ऐकलं. फक्त खराडे साहेबांनी ऐकलं नाही, कारण ते तेव्हा चटईवर उभे राहून फोटो काढून घेत होते.

आपल्याकडे आकडा म्हणजे मार्क. मार्क वर गेले तर पेढे, खाली आले तर पाठीत धपाटा. साहेबांनी हा हिशेब चटईला लावला. त्यांनी परिपाठाच्या जागी मोठा फळा लावला, त्यावर नावं आणि आकडे. खाली आलेल्या आकड्यापुढे लाल खडूचा बाण. बाण आला की जादा फेऱ्या. म्हणजे जी दमली आहे तिला आणखी दमवायचं, मग ती आणखी खाली येणार, मग आणखी फेऱ्या. ही गोष्ट मी पाचवीच्या वर्गाला विचारली असती तर तीन पोरांनी हात वर करून सांगितलं असतं की हे असं कधीच संपणार नाही. पण संचालकांना हात वर करून कोण सांगणार?

एक गोष्ट मला काही केल्या उमगत नव्हती. फळ्यावर लाल बाण फक्त सारिकापुढे यायचा. बाकीच्या सगळ्या तेवढाच सराव करत होत्या, त्या दमत नव्हत्या काय?

संध्याकाळी अपूर्णांकांच्या तासाला मी कर्णधार तेजस्विनी पाटोळेला धरलं. ती पंधरा वर्षांची, तोंडाने फटाकडी.

“तेजू, तुझी उडी कधीच खाली कशी येत नाही गं?”

तिनं मागे वळून मुलींकडे पाहिलं. सगळ्या वहीत घुसल्या.

“गुरुजी, चिडणार न्हाई ना?”

“मी कधी चिडतो?”

“त्येच तर. चिडत न्हाईसा म्हणून सांगाय लाज वाटती.” मग ती भडाभडा बोलली. “साहेब आकड्यावरनं फेऱ्या लावणार हे ठावंच होतं, म्हणून पयल्या आठवड्यात आमी उडीच मारली न्हाई. उचकी लागल्यागत नुसतं हाललो. चौदा, पंधरा. आता कितीबी दमलो तरी पंधरा निघतंयच की.”

“आणि सारिका?”

“तिला सांगितलं होतं ओ! म्या तीनदा सांगितलं. पर ही बया!”

सारिका खिडकीजवळ बसली होती. ती हळूच म्हणाली, “गुरुजी, उडी मारा म्हणाले होते. मग अर्धी कशी मारू?”

तिनं पहिल्या आठवड्यात एकतीस मारली होती. तेव्हा साहेबांनी फळ्यासमोर तिची पाठ थोपटून “ही बघा माझी वाघीण” म्हटलं होतं. आता ती चोवीसवर आली होती. आणि बाकीच्या सगळ्या पंधरावर सुखात होत्या. म्हणजे साऱ्या निकेतनात जी मुलगी दर वेळी सगळ्यांत उंच उडत होती, तिलाच कमी उडते म्हणून फेऱ्या मारायला लावत होते. फळा सगळ्यांसमोर होता. चोवीस आणि पंधरा शेजारी शेजारी लिहिलेले होते. पण साहेब आकडे वाचत नव्हते, बाण वाचत होते.

मी मुलींना रागावलो नाही. त्यांना शहाणपण आलं होतं, आणि ते कुणी शिकवलं हे मला माहीत होतं.

शुक्रवारी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. भिंतीवर त्यांचे तरुणपणीचे फोटो होते. एकात ते उंच उडीच्या आडव्या दांडीवरून जात होते, निदान दांडीच्या दिशेनं तरी. विद्यापीठात त्यांना उंच उडीत कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, मिळाला होता. हे ज्याला माहीत नाही असा माणूस तालुक्यात उरला नव्हता.

“हाक्केला काढतोय,” ते म्हणाले. “रविवारी बापाला बोलवा. कामचुकार पोरगी आहे. जागा दुसरीला देऊ.”

“साहेब, तिचा बाप मेंढरं घेऊन वारणेच्या काठाला गेलाय. ती त्याच्याबरोबर गेली तर शाळा सुटली. मेंढरांच्या मागं कसली शाळा?”

“मग कळपाच्या मागं पळू दे. तिथं तरी पळेल.”

“ती दमलीय हो. आठवडाभर विश्रांती दिली तर...”

“गुरुजी!” त्यांनी टेबलावर बोट आपटलं. “तुम्ही मुलांवर माया करता, ते ठीक आहे. पण यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.”

तीस वर्षांत पहिलीची पोरं शिकवताना मी एक गोष्ट पाहिली होती. विस्तव भाजतो हे पोराला शंभरदा सांगा, ते मान हलवतं आणि चुलीकडे जातं. अशा पोराशी वाद घालत नाहीत. त्याच्याजवळ बसतात.

“खरं आहे तुमचं,” मी म्हणालो. “यंत्र कशाला खोटं बोलेल? माझी एकच विनंती आहे. एक आठवडा थांबा. तोवर तुम्हीच चटईवर उडी मारून दाखवा. मुलींबरोबर सराव करा आणि उडी खाली न येऊ देणं म्हणजे काय ते त्यांना दिसू दे. तुमच्यासारखा उंच उडीतला माणूस समोर असताना त्यांनी कुणाकडे बघायचं? मग हाक्केला काढलं तर तिच्या तोंडाला शब्द उरणार नाही.”

साहेबांचे डोळे भिंतीवरच्या फोटोकडे गेले. मला तेवढंच हवं होतं.

“नियम सगळ्यांना सारखे ठेवूया,” ते म्हणाले.

“ते तर हवंच. आणि हाक्केला आठवडाभर बाजूला बसवूया. पळायचं नाही, नुसतं तुमच्याकडे बघायचं. शिक्षाच ती.”

“हां, हे बरं सुचलं तुम्हाला.”

सोमवारी साहेब आले ते वार्ताहराला घेऊनच. मुली रांगेत बसल्या. सारिका ध्वजस्तंभाशी पोत्यावर बसली, साहेबांनी फर्मावल्याप्रमाणे. साहेबांनी चटईवर पाय ठेवले, हात कमरेवर ठेवले, छाती भरून घेतली आणि उडाले. डबी माझ्या हातात होती.

“अठरा,” मी म्हणालो.

“बूट जड आहेत.” त्यांनी बूट काढले. मग खिशातला मोबाईल काढला, घड्याळ काढलं, शिट्टी काढली. वार्ताहराला म्हणाले, “आता घ्या.” या खेपेला ते खरोखर उडाले. खाली आले तेव्हा माळावरची चिमणी उडाली.

“बावीस.”

“अरे वा!” वार्ताहर म्हणाला.

लहान मुलींतल्या एकीनं फळ्याकडे बघून मोठ्यानं विचारलं, “मंजी सारिकाताईपेक्षा कमी?”

“वयोगट वेगळा असतो, बाळा,” साहेब म्हणाले आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकले. त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधायला तेवढा वेळ लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. मथळा होता, ‘संचालकही उतरले मैदानात’. बातमीत लिहिलं होतं की साहेब आठवडाभर मुलींचाच सराव करणार. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. मी सराव नेहमीचाच ठेवला, घामाचा एक थेंब जास्त नाही की कमी नाही. मुली खांबापासून खांबापर्यंत पळाल्या, तेही पळाले. मुली खो-खोच्या पाटीवर उकिडव्या बसून उठल्या, तेही बसले. उठताना मात्र तेजस्विनीनं हात दिला.

“राहू दे, राहू दे,” ते म्हणाले आणि हात धरून उठले.

बुधवारी त्यांनी मला विचारलं, “गुरुजी, हे रोजचंच आहे काय?”

“रोजचंच, साहेब. रविवारी अंमळ हलकं.”

सारिका पोत्यावर बसून बघत होती. पहिले दोन दिवस तर ती बघतही नव्हती. बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं टाकून. साहेबांना ते दिसलं असतं तर त्यांनी आरडाओरडा केला असता. पण पळणाऱ्या माणसाला आपल्या पायांखेरीज काही दिसत नाही.

गुरुवारी उडी. साहेब चटईवर चढले तेव्हा कुरकुरल्याचा आवाज आला. तो चटईचा नव्हता.

“सतरा,” मी म्हणालो.

फळ्याचा लाल खडू तेजस्विनीच्या हातात होता. तिनं खराडे साहेबांचं नाव लिहिलं, आकडा लिहिला आणि जिभेचं टोक बाहेर काढून, एखादी रांगोळी काढावी तसा सावकाश बाण काढला.

“साहेब,” ती अगदी नम्र होऊन म्हणाली, “फेऱ्या.”

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुली मात्र सगळ्या बघत होत्या. साहेब निघाले. निम्म्या मैदानावर त्यांनी वेग कमी केला, पलीकडच्या कोपऱ्यात फोन आल्यासारखं करून थांबले, पण फोन चटईजवळ ठेवला होता हे त्यांच्या लक्षात आलं आणि पुन्हा पळू लागले. लहान मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या खरंच कौतुकानं वाजवत होत्या. लहान मुली पळणाऱ्या कुणासाठीही टाळ्या वाजवतात.

शुक्रवारी ते सरावाला उशिरा आले. पायऱ्या उतरताना ते आडवे होऊन, कठड्याला धरून, खेकड्यासारखे उतरले. “हवामान बदललंय,” असं म्हणाले.

शनिवारी मी म्हणालो, “साहेब, आज हाक्केचा निकाल लावायचा होता. तुमची शेवटची उडी झाली की लावून टाकू.”

“हो, हो.” ते चटईवर उभे राहिले. बूट, मोबाईल, घड्याळ, शिट्टी, सगळं आधीच काढून ठेवलं होतं. वाकले. वाकण्यातच अर्धा जीव गेला. उडाले, असं म्हणायची पद्धत म्हणून म्हणतो.

मी डबी बघितली आणि त्यांच्याच हातात दिली. डबीवर अकरा होते.

मेसच्या मावशी हातात पळी घेऊन दारात आल्या होत्या.

साहेबांनी डबी हलवली. कानाला लावली. मग चटईची वायर ओढून बघितली.

“यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले.

“यंत्र?” मी म्हणालो.

“बिघडलंय, गुरुजी! माझी अकरा? मी विद्यापीठाचा...” ते थांबले. “मला आधीपासून शंका होतीच.”

“तसं असेल तर बघूया,” मी म्हणालो. “सारिका, ये बाळ. मार उडी.”

सारिका पोत्यावरून उठली. अंगावरची धूळ झटकली. आठवडाभर ती फक्त जेवली होती, झोपली होती आणि बसली होती. चटईवर आली, हात कमरेवर ठेवले, आणि मी काय पाहिलं ते सांगतो. ती वाकलेली दिसली, पण वर जाताना मी पाहिलीच नाही. ती एकदम वरच दिसली, वेण्या तिच्यापेक्षाही वर.

डबी अजून साहेबांच्या हातात होती. त्यांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तेहतीस!” ते ओरडले. “बघा, बघा गुरुजी! चोवीसची पोरगी तेहतीस मारते होय? बिघडलंच आहे यंत्र! पुरावाच मिळाला!”

तेजस्विनीनं तोंडात ओढणी कोंबली.

मी माझा चेहरा फार कष्टानं सरळ ठेवला. “मग साहेब, ते केव्हापासून बिघडलं असेल?”

“पहिल्यापासून! आलं तेव्हाच बिघडलेलं होतं.”

“म्हणजे हाक्केचे ते सव्वीस, चोवीस...”

साहेबांनी डबी पुन्हा बघितली. त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं, पण पायांइतकंच सावकाश. एका बाजूला हाक्के होती, दुसऱ्या बाजूला त्यांचे स्वतःचे अकरा. दोन्ही एकाच डबीतून आलेले. एक खरा धरला तर दुसरा खोटा धरता येत नव्हता.

“सगळे रद्द,” ते म्हणाले. “फळा पुसून टाका. आणि ही चटई माझ्या डोळ्यांसमोरून हलवा.”

फळा पुसायला निम्म्या मुली धावल्या. चटई गुंडाळून मी माझ्या गणिताच्या वर्गात नेली. बिघडलेली वस्तू कुठं ठेवली याची चौकशी साहेबांनी पुढे कधी केली नाही. सोमवारी मुलींनी दार लावून तिच्यावर पुन्हा पहिली उडी मारली. या वेळी खरी. तेजस्विनी एकोणतीस निघाली आणि स्वतःवरच खूश झाली. त्यानंतर ज्या मुलीची उडी खाली यायची, तिला मी सरावाऐवजी अपूर्णांक देऊन कोपऱ्यात बसवायचो. मुली त्या अपूर्णांकांवरच झोपायच्या. मी उठवत नसे.

सारिका निकेतनातच राहिली. पुढे राज्याच्या संघात खेळली, मग खेळाची शिक्षिका झाली. तालुक्यातल्या ज्या शाळेत ती शिकवायची तिथल्या मुलींनी मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा तिचा सत्कार झाला. मला तिनं गाडी पाठवून नेलं. खराडे साहेब तिथं प्रमुख पाहुणे होते. निवृत्त झाले होते, पण शिट्टी गळ्यात होती. भाषणात म्हणाले, “खेळात विज्ञान मी आणलं. ही चटई, हे उडीचं तंत्र, मीच पहिल्यांदा या भागात आणलं. आणि ही पोरगी उंच उडायला शिकली ती माझ्याच हाताखाली.”

टाळ्या वाजल्या. सारिकानंही वाजवल्या.

मग तिनं मंचासमोर नवी चटई अंथरली. तिच्या शाळेतल्या मुली एकेक करून उडी मारून गेल्या. एकीची उडी खाली आली, तशी सारिकानं तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. कुणी हसलं नाही.

कुणीतरी मागून ओरडलं, “साहेबांची एक उडी होऊ द्या!”

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी चटईकडे पाहिलं, सारिकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “आज नको,” ते म्हणाले. “गुडघा दुखतोय. काल फार फिरणं झालं.”

“असू दे, साहेब,” सारिका म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीशी बोलावा तसा होता. तिनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. “थकला असाल तर बसा. एवढ्यासाठीच असते ती चटई.”

साहेब बसले.